हल्ली की हल्लु?

कोडबळे कॉफीत बुडवून खायची मुभा आमच्या घरात फक्त एका माणसाला आहे, आणि ते म्हणजे आमचे हे, सत्यनारायण. त्यांचे दात वाटीत असतात, म्हणून. बाकी कोणी माझे कोडबळे बुडवले तर माझं डोकं फिरतं. तांदळाचं पीठ, खोबरं, लाल मिरची, हिंग, सगळं नीट मळून त्याच्या बांगड्या वळायच्या आणि मंद आचेवर तळायच्या. चावलं की शेजारच्या घरात ऐकू गेलं पाहिजे. बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये चार पिढ्या काढलेल्या आमच्या मराठी घरात अस्तराच्या कापडाचं दुकान ह्यांच्याकडे आणि कोडबळे माझ्याकडे, अशी वाटणी आहे.

त्यामुळे वरच्या खोलीत भाड्याने राहायला आलेली ईरा माझ्यासमोर बसून कोडबळं कॉफीत बुडवून, चांगलं मऊ करून, डाव्या गालात ढकलून खायला लागली, तेव्हा मला राग आला. मनात म्हटलं, पुण्याची आहे, हिला काय कळणार! वर त्यांना ती कडबोळी म्हणायची.

पोरगी तशी गोड. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका छोट्या कारखान्यात इंजिनिअर. तिथे गिअर बनवतात. सकाळी मेट्रोने जायची, संध्याकाळी हातांना तेलाचा वास घेऊन यायची. आल्या आल्या मला काकू म्हणाली. मी म्हटलं, "काकू बेडा, काकू नको ग. ह्या रस्त्यावर सगळे मला अक्का म्हणतात. तू पण अक्काच म्हण."

आमच्या मराठीची तिला भारी मौज वाटायची. मी "स्वल्प थांब" म्हटलं की म्हणायची, "अक्का, स्वल्पविराम घेऊ की पूर्णविराम?" मी पण सोडत नव्हते. तिची कन्नड ऐकून भाजीवाली पदराआड हसायची, ते मी तिला रंगवून सांगायचे. पण एक मानलं पाहिजे. कारखान्यात सगळे कन्नड बोलतात, मग आपण हिंदीत का बोलायचं, असं तिचं म्हणणं. रोज संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर बसून माझ्याकडून शब्द शिकायची. तूप म्हणजे तुप्पा, हे कळलं त्या दिवशी तर तिला वाटलं, अर्धी कन्नड आपल्याला जन्मापासूनच येते.

मी तिला बजावलं होतं. "ओळखीचा चेहरा दिसला म्हणून प्रत्येक शब्दाच्या गळ्यात पडू नकोस. दुकानातल्या पोरीला ताई म्हणून हाक मारशील, आणि कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. ती तुझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल."

ती हसली. माझं कोण ऐकतं!

दसऱ्याच्या सुमारास तिला ताप यायला लागला. फार नाही, बारीकसा. सकाळी बरी असायची, संध्याकाळी डोळे लाल आणि अंगात कसकस. झोपेत घाम यायचा, उशी ओली व्हायची. मी म्हटलं, "डॉक्टरकडे जा. मी येते बरोबर."

"नको अक्का," ती म्हणाली. "मी एकटी जाणार. आणि सगळं कन्नडमध्ये बोलणार."

कोपऱ्यावर डॉक्टर भव्याचा दवाखाना आहे. मुलगी तरुण, हुशार, पण दारात ही रांग. ईरा गेली आणि विजयी मुद्रेने परत आली. म्हणाली, "अक्का, एक शब्दही इंग्लिश नाही! ननगे ज्वरा बंदिदे, मला ताप आलाय, इथून सुरुवात केली. त्या भराभर विचारत गेल्या, मी भराभर उत्तरं दिली." मी तिची पाठ थोपटली, आणि आम्ही दोघी त्या आनंदात दोन कप कॉफी प्यालो.

डॉक्टरने गोळ्या दिल्या. ताप उतरला. गोळ्या संपल्या आणि ताप परत आला. डेंगी नाही, मलेरिया नाही, टायफॉइड नाही. पुन्हा गोळ्या, पुन्हा उतरला, पुन्हा आला. जावई दिवाळसणाला येतो तसा हा ताप, गेला म्हणेपर्यंत परत दारात. पोरीचे गाल बसले. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागली. वर म्हणायची, "स्वल्पविराम, अक्का." हसायची, पण हसताना धाप लागायची. मला ते बघवेना.

तिच्या आईचा पुण्याहून फोन आला. मला म्हणाली, "तिला बंगलोरची हवा मानवत नाहीये. नोकरी गेली खड्ड्यात, मी तिला घेऊन जाते."

आता बेंगळुरूच्या हवेला नावं ठेवली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. रहदारीला ठेवा, पाण्याला ठेवा, मी मधे पडणार नाही. पण हवा? मी म्हटलं, "अहो, आमच्या हवेने लोक बरे होतात!" बोलले खरी, पण फोन ठेवल्यावर माझाच जीव उडाला. पोर खरंच दिवसेंदिवस वाळत चालली होती, आणि ते का, हे कोणालाच कळत नव्हतं.

त्या रविवारी मी ताजे कोडबळे तळले आणि वर घेऊन गेले. तोंडाला चव नाही म्हणत होती, म्हटलं तिखट काहीतरी खाईल. खिडकीशी शाल घेऊन बसली होती. मी बशी पुढे केली. तिने एक उचललं, कॉफीत बुडवलं, आणि मऊ होईस्तोवर धरून ठेवलं.

इतक्या दिवसांचा राग एकदम वर आला. आजारी माणसावर ओरडू नये, मला कळतं. पण काळजीने माझा पारा जास्तच चढतो.

"काय ग, माझे कोडबळे इतके कडक लागतात तुला? आमच्या ह्यांना दात नाहीत म्हणून ते बुडवतात. तुला काय झालं?"

"तसं नाही हो अक्का," ती कावरीबावरी झाली. "कडबोळी मस्त आहेत. मला उजवीकडे चावताच येत नाही. दाढ ठणकते."

"कधीपासून?"

"जुनंच आहे. पुण्यात रूट कॅनॉल सुरू केलं होतं. पहिल्या वेळेला त्यांनी तात्पुरतं सिमेंट भरलं, मग ही नोकरी लागली, मी इकडे आले. राहून गेलं. फार नाही दुखत, लवंग धरली की थांबतं. कधीकधी हिरडीतून खारट काहीतरी येतं, मग उलट बरंच वाटतं."

"खारट काहीतरी? अय्यो, तो पू असेल! डॉक्टरला सांगितलंस हे?"

"त्यांनी विचारलंच नाही. बाकी सगळं विचारलं." तिने बोटांवर मोजत सांगितलं. "केम्मु? म्हणजे खोकला. इल्ला, नाही. गंटलु नोवु? घसा दुखतो का. इल्ला. होट्टे नोवु? पोट. इल्ला. आणि शेवटी म्हणाल्या, हल्ली नोवु इदेया? हल्ली काही दुखतंय का. आता दाढ काही हल्ली दुखायला लागलेली नाही ना अक्का, ती तर पुण्यापासूनची. म्हणून मी म्हटलं, इल्ला."

मी बशी खाली ठेवली.

"परत सांग. शेवटी काय विचारलं?"

"हल्ली नोवु इदेया."

"हल्ली?"

"हो. हल्ली."

"अग शहाणे, कन्नडमध्ये हल्ली म्हणजे पाल!" माझा आवाज खाली दुकानापर्यंत गेला असेल. "भिंतीवरची पाल! ळ लावून हळ्ळी म्हणशील तर खेडं. आपलं मराठी हल्ली म्हणायचं असेल तर कन्नडमध्ये इत्तीचेगे म्हणतात. डॉक्टर काय तुला पाल दुखते का, असं विचारणार आहे? हल्लु विचारलं तिने, हल्लु! हल्लु म्हणजे दात!"

ईराचा हात हळूहळू उजव्या गालावर गेला.

"दात दुखतो का, असं विचारलं होतं?"

"आणि तू ऐटीत सांगून आलीस, इल्ला!"

पुण्याची मराठी माणसं सोडून हा गोंधळ दुसरं कोणी करूच शकत नाही. कन्नड माणसाला हल्लु कळलं असतं. उत्तरेतल्या माणसाने, समझा नहीं, म्हटलं असतं. आमचीच पोरगी अशी, की तिला न समजताही समजलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, तशी गत. तोंडातला दात तोंडातच राहिला, आणि आम्ही डासांपासून हवेपर्यंत सगळ्यांवर आळ घेत बसलो.

दात किडला म्हणून महिनाभर ताप येतो का, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पण डॉक्टरने प्रश्न विचारला होता आणि तिला खोटं उत्तर गेलं होतं, एवढं मला पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी तिला घेऊन दारात उभी.

मी सगळी हकीकत कन्नडमध्ये सांगितली. पालीचं ऐकून डॉक्टर भव्याला हसू आलं, पण तोंड उघडायला सांगून तिने विजेरी आत धरली आणि तिचं हसू थांबलं. दाढेखाली हिरडीवर पुटकुळी होती. मग तिने ईराची नखं पाहिली. दोन नखांखाली बारीक लाल-काळ्या रेघा होत्या, लाकडाची कुसळं शिरावीत तशा. ईराला वाटायचं, कारखान्यात काहीतरी लागलं असेल.

"लहानपणी कधी सांधे सुजले होते?" डॉक्टरने विचारलं. ह्या वेळी इंग्लिशमध्ये. तिने पण धडा घेतला असावा.

ईराला आठवेना. मी तिथूनच तिच्या आईला फोन लावला. आई म्हणाली, "हो, दुसरीत असताना. घसा फार आला होता, मग तो बरा झाला आणि गुडघे सुजले. काही वर्षं दर महिन्याला इंजेक्शन घ्यावं लागायचं. मग डॉक्टर म्हणाले, आता गरज नाही. आम्ही विसरलोसुद्धा. का? दाताचा आणि त्याचा काय संबंध?"

डॉक्टर भव्याने ईराच्या छातीला नळी लावली. डोळे मिटून ऐकत राहिली. बाहेरची रांग खोकत होती, कुरकुरत होती, तिने लक्ष दिलं नाही. मग नळी काढून म्हणाली, "मागच्या वेळी हा आवाज मला आला नव्हता. आता नव्या गोळ्या देणार नाही मी. आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा, आधी रक्त तपासा, हृदयाचा फोटो काढा. रिक्षा करा. बसने नको."

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी रस्त्यावर जाऊन पहिल्या रिक्षाला हात केला.

हॉस्पिटलमध्ये जे कळलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. लहानपणी घशात जंतू आले. त्यांच्याशी लढताना शरीराला आपलं-परकं कळेनासं झालं आणि त्याने हृदयातल्या एका झडपेलाही मार दिला. घसा बरा झाला, गुडघे बरे झाले, झडपेवर वळ राहिला. इतका बारीक, की पोरगी धावायची, डोंगर चढायची, कोणाला पत्ता नाही. आता दाढेच्या मुळाशी जंतूंनी घर केलं. ते थोडेथोडे रक्तात उतरायचे. एरवी शरीर त्यांना निपटून काढतं. पण फिरता फिरता त्यांना तो जुना वळ सापडला, आणि ते तिथे चिकटून वाढायला लागले. हृदयाच्या फोटोत झडपेवर तांदळाच्या कणीएवढं काहीतरी हलताना दिसत होतं. दुखणं दाढेत, घर केलं हृदयात, आणि आम्ही गोळ्या देत होतो तापावर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ना, तेच.

ईराने तर एका क्षणात ओळखलं. पलंगावर पडल्यापडल्या म्हणाली, "अक्का, आमच्या मशीनमध्ये असंच होतं. लोखंडाचा कीस तेलाच्या टाकीत पडतो. टाकीला काही होत नाही. तो तेलाबरोबर फिरतो, आणि भलतीकडच्या बेअरिंगमध्ये जाऊन बसतो. लोक बेअरिंग बदलत राहतात."

"मग तुम्ही काय करता?"

"तेल स्वच्छ करतो. आणि कीस कुठून पडतो ते शोधतो."

तेच करायचं होतं. शिरेतून औषध, कित्येक आठवडे. मग दाढ काढायची. पण डॉक्टरांनी मला आणि पुण्याहून धावत आलेल्या तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं, की ती कणी सुटून डोक्याकडे गेली तर अर्धांगही होऊ शकतं. आणि झडप जास्त खराब झाली तर छाती उघडून ऑपरेशन करावं लागेल.

मी घाबरले. हे फिरवून सांगण्यात काय अर्थ आहे? बाहेरच्या बाकावर बसले आणि रडले. ती माझी कोण? ना रक्ताची, ना नात्याची. आमची मुलं परदेशात आहेत, त्यांच्यासाठी मी इतकी रडले नसेन. तिची आई माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "हवेला उगाच बोलले मी."

"जाऊ दे हो," मी नाक पुसलं. "हवा बेंगळुरूची, दाढ पुण्याची. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली तुम्ही." आणि आम्ही दोघी रडता रडता हसलो. त्या दिवसापासून ती आमच्याच घरी राहायला आली. ह्यांच्या वाटीतल्या दातांची तिला आधी फार भीती वाटायची.

ते आठवडे कसे गेले ते काडू मल्लेश्वराला माहीत. मी सकाळी देवळात जायचे, मग डबा घेऊन हॉस्पिटलात. ईराने माझ्याकडे रोज एक नवीन कन्नड शब्द मागायचा, हा नेम सोडला नाही. एके दिवशी मीच विचारलं, "हल्लु म्हणजे?"

"दात."

"हल्ली म्हणजे?"

"पाल. आणि ळ लावला तर खेडं. आणि अक्का, आयुष्यात हे मी विसरणार नाही."

पहिल्या आठवड्यातच ताप उतरला, आणि ह्या वेळी उतरला तो परत आला नाही. जावई अखेर आपल्या घरी गेला. रक्तात जंतू सापडेनासे झाले. मग दाढ काढली. दातांच्या डॉक्टरने ती ताटलीत ठेवून आम्हाला दाखवली. एवढीशी वस्तू, मुळाशी काळी, आणि तिने सगळ्यांना नाचवलं! मला ती पायाखाली चिरडावीशी वाटत होती. तिची आई म्हणाली, पुण्याला नेऊन त्या अर्धवट सोडलेल्या रूट कॅनॉलच्या खुर्चीवर ठेवते. मग दोघींनी विचार सोडून दिला.

शेवटी पुन्हा हृदयाचा फोटो काढला. डॉक्टर पडद्याकडे बघून म्हणाले, कणी विरली आहे. झडप पूर्वी होती तशीच आहे, थोडीशी गळकी. ऑपरेशन नको. मात्र जन्मभर दात सांभाळायचे. दाताचं काही मोठं काम करायचं तर त्याआधी औषध घ्यायचं, आणि ताप आला तर कोणतीही गोळी घेण्याआधी रक्त तपासायचं.

"आणि डॉक्टरला खरं उत्तर द्यायचं," मी कन्नडमध्ये जोडलं. डॉक्टरांना वाटलं, मी त्यांनाच बोलले. समजूत घालायला थोडा वेळ गेला.

ईरा घरी आली तेव्हा मार्गशीर्ष सरत आला होता. हवा अशी होती, की तिच्या आईने गच्चीवर उभं राहून दोनदा मोठा श्वास घेतला. मी ते बरोबर टिपलं. आणखी काही दिवस राहून ती एकटीच पुण्याला गेली. जाताना मला म्हणाली, "अक्का, लक्ष ठेवा तिच्यावर." ती पण अक्का म्हणायला लागली होती.

परवा मी कोडबळे केले. पहिला घाणा काढून बशी जिन्याच्या पायरीवर ठेवली, कॉफीचा पेला शेजारी. ईरा वरून खाली आली. मधल्या पायरीवर थांबली नाही, हे मी आतून कान देऊन ऐकलं. ती बसली. मी झारा हातात धरून दाराआड उभी होते. आता ही कॉफीत बुडवते की काय, म्हणून माझा जीव वर-खाली.

कडकन आवाज आला. एवढा मोठा, की ह्यांनी दुकानातून ओरडून विचारलं, "काय ग फुटलं?"

"उजव्या बाजूने चावलं, अक्का!" ईरा बाहेरून म्हणाली. तोंड भरलेलं होतं. "हल्लु नोवु इल्ला. आणि पालसुद्धा अजिबात दुखत नाही."

माझे डोळे भरून आले होते आणि कढईतला दुसरा घाणा लाल होत चालला होता.

"स्वल्प सावकाश खा ग," मी आतून म्हणाले. "कोडबळे कुठे पळून जात नाहीत."